काढणे आणि रिट्रेंच करणे

भाषेचा इतिहास पंडितांनी सांगावा, हे खरे. परंतु जो इतिहास कामगाराच्या पाठीवरून गेला, तो आम्ही सांगितला तर पंडितांनी रागावू नये.

परके शब्द मराठीला नवे नाहीत. परके क्रियापद ती जसेच्या तसे घेत नाही. शब्द घेते, त्याला ‘करणे’ किंवा ‘होणे’ यांचा दांडा बसवते आणि कामाला लावते. बडतर्फ करणे, मंजूर करणे ही फारसी अमदानीची देणगी. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. तरी हे दोन शब्द आजही कागदावर आहेत. हुकमाच्या कागदावर बसलेला शब्द सहजासहजी उठत नाही.

पुढे इंग्रजी आली. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १९०६ मध्ये बंद पडली, पण इंग्रजी कागद चांदा जिल्ह्यात राहिला. घुग्घुसच्या खदानीत मराठी, तेलुगू, हिंदी बोलणारे लोक एकत्र आले. त्या सर्वांना एकच कागद वाचावा लागे, आणि तो कोणाच्याच घरच्या भाषेत नसे.

आमच्या बोलीत साधी क्रियापदे होती. माणसाला ‘काढला’, ‘घरी बसवला’. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती झाली आणि ‘ले-ऑफ’ व ‘रिट्रेंचमेंट’ या शब्दांना व्याख्या मिळाल्या. व्याख्येबरोबर हक्कही आला. ले-ऑफ दिलेल्या पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई. रिट्रेंच केलेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. ‘मला काढला’ एवढेच सांगणाऱ्याला हा हिशेब मागता येत नसे. म्हणून अंगठा उठवणारा माणूसही ‘रिट्रेंच’ म्हणू लागला. ही इंग्रजीची हौस नव्हती. भाकरीची गरज होती.

परंतु या व्यवहारात एक गोष्ट हातची गेली, ती ध्यानात घेतली पाहिजे. ‘काढला’ म्हटले की ऐकणारा लगेच विचारतो, कोणी काढला? ‘रिट्रेंच झाला’ म्हटले की तसे कोणी विचारीत नाही. पाऊस झाला, पूर झाला, तसाच माणूस रिट्रेंच झाला! ‘करणे’ जाऊन ‘होणे’ आले आणि करणारा पडद्याआड गेला. हिंदीत ‘छंटनी’ आली, मराठीत ‘कामगार कपात’ आली. त्यांतही कापणारा हात दिसत नाही.

१९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, मालक बदलला; शब्द बदलले नाहीत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही ते ठेवले आहेत. तेव्हा आमचे सांगणे इतकेच, की अर्जात कायद्याचा शब्द अचूक लिहावा, कारण त्यात आपला पैसा आहे. आणि गेटसभेत मात्र ‘काढला’ असेच म्हणावे, म्हणजे ‘कोणी?’ हा प्रश्न जिवंत राहील.