विजेची गाडी आणि घराची भिंत

आमच्या सोसायटीत सध्या एकच विषय आहे: विजेची गाडी घेऊ हो, पण चार्जर लावायचा कुठे? गंमत म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे.

१९१० च्या सुमारास अमेरिकेत विजेच्या मोटारी बऱ्यापैकी धावत होत्या. खुद्द हेन्री फोर्डची पत्नी क्लारा १९१४ ची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' चालवायची! अडचण घरात होती. बॅटरीला लागते डीसी वीज, आणि अनेक घरांत यायची एसी. तिथे पीटर कूपर ह्युइटने १९०२ मध्ये शोधलेला पाऱ्याचा रेक्टिफायर कामी आला. काचेचा मोठा फुगा, आत पारा आणि निळसर उजेड. तो गॅरेजात बसवला की एसीची डीसी व्हायची. अर्थात, ज्याच्या घरी वीज आणि स्वतःचं गॅरेज, त्यालाच हे शक्य. तेव्हा तिथल्याही बहुतेक घरांत वीज नव्हती.

आता रेक्टिफायर गाडीतच असतो. घरच्या चार्जरमधून नुसती एसी येते. पण ३२ अँपिअर म्हणजे साधारण ७ किलोवॉट, तेही तासन् तास. त्यासाठी पुरेसा मंजूर भार, जाड वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती पकडणारा आरसीसीबी आणि चोख अर्थिंग हवं. शिवाय जुन्या इमारतीत मीटर एका टोकाला, पार्किंग दुसऱ्या. वायर सगळ्यांच्या जागेतून जाणार!

तेव्हाची भिंत एकट्या मालकाची होती, आपली सामायिक आहे. म्हणून मला वाटतं, वायरमनच्या आधी सोसायटीची सभा बोलवावी. प्रत्येकाने आपापली वायर ओढण्यापेक्षा सगळ्यांची सोय एकदाच झालेली बरी. बघू या, किती जण येतात ते!