फुलांच्या प्रदर्शनातील भाजी

जानेवारी आणि ऑगस्ट हे बंगळुरात लालबागेचे महिने. प्रजासत्ताकदिन व स्वातंत्र्यदिन ह्यांच्या निमित्ताने तेथे भरणाऱ्या पुष्पप्रदर्शनांची गणती आता दोनशेच्या पुढे गेली आहे. ऑगस्ट २०२५ मधील प्रदर्शन २१८ वे होते. बदलीने ह्या शहरात आल्यापासून आम्हीही सहकुटुंब जातो, रांगेत तिष्ठतो, काचघरातील फुलांची भव्य प्रतिकृती लोकांच्या खांद्यांवरून पाहतो आणि मग भाज्यांच्या मांडणीकडे वळतो. तेथे गर्दी बेताची असते. फुले पाहून माणूस संतोषाने घरी परततो. पण लांबलचक दुधी पाहिला की आपल्या कुंडीत तो का धरत नाही, हा प्रश्न थेट घरापर्यंत सोबत येतो.

बंगळुरासंबंधी मराठी माणसाने लेखणी उचलली की शहाजीराजे आल्यावाचून राहत नाहीत. ह्या खेपेस त्यांना दुरून मुजरा करून आम्ही हैदरअलीपाशी येतो. १७६० साली त्याने ही बाग आरंभिली, टिपूने ती वाढविली आणि १७९९ नंतर ती इंग्रजांच्या हाती गेली. १८३६ मध्ये बंगळुरात निघालेल्या ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीकडे ती सोपविण्यात आली. ही संस्था १८४२ पर्यंतच जगली, पण तिचे नाव बोलके आहे. त्यात शेती आधी येते आणि बाग मागाहून. पुण्यास १८३० साली स्थापन झालेली, पुढे एम्प्रेस गार्डन सांभाळणारी संस्थाही ह्याच नावाची. ह्या साहेबलोकांची नजर केवळ गुलाबावर नव्हती. १८०९ पासून येथे छावणी होती. गोऱ्या शिपायांच्या ताटास कोबी, गाजर, बीट, मटार हवे होते आणि तीन हजार फूट उंचीवरील ही हवा त्या पिकांना मानवली.

पिकविणारे हात मात्र येथलेच होते. करगा उत्सवाचा मान ज्यांच्याकडे आहे, तो तिगळ समाज ह्या शहराचा परंपरागत माळी. संपंगी तळ्याच्या पाण्यावर त्यांचे मळे पिकत. आज त्या तळ्याच्या जागी कंठीरव क्रीडांगण आहे. करग्याच्या विधींसाठी तळ्याचा लहानसा तुकडा राखलेला आहे, इतकेच. साहेबांची नावे बागेच्या इतिहासात तारखांसह सापडतात. ज्यांनी पाणी दिले त्यांचा उल्लेख समाजाच्या नावापुरता. इतिहासलेखनाची ही जुनी खोड आहे.

१८५६ मध्ये लालबाग सरकारी वनस्पतिउद्यान झाली. १८७४ पासून १९०८ पर्यंत तिचा कारभार जॉन कॅमेरॉन ह्यांनी पाहिला. त्यांच्याच काळात, १८८९ साली, प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर ह्यांच्या हस्ते काचघराची कोनशिला बसली. लंडनच्या स्फटिकगृहाची धाकटी बहीण म्हणावी अशी ही वास्तू. पण कॅमेरॉनसाहेबांचे स्मरण आम्हांस होते ते मंडईत, चौचौच्या ढिगापाशी. मेक्सिकोकडची ही वेल त्यांनी येथे रुजविली असे सांगतात. कानडीत तिच्या फळास 'सीमे बदनेकाई', म्हणजे विलायती वांगे, म्हणतात. घासलेटास 'सीमे एण्णे' म्हणतात, त्यातलाच हा 'सीमे'. गंमत अशी की शेजारच्या तमिळ मुलखात तेच फळ 'बेंगळूर वांगे' झाले! बंगळुराने ज्यास परका म्हटले, त्यास शेजाऱ्यांनी बंगळूरकर ठरविले. परगावी नोकरी करणाऱ्यांस ह्याचा अर्थ फोडून सांगावयास नको.

कॅमेरॉननंतर आले जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगेल. ते १८९३ पासून बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरी होते आणि १९०८ साली म्हैसूर संस्थानात रुजू झाले. एका मराठी दरबाराने कानडी दरबारास दिलेली ही देणगी आपल्याकडे फारशी कोणास ठाऊक नाही. प्रदर्शनात आजही सहभागी असणारी म्हैसूर हॉर्टिकल्चरल सोसायटी १९१२ मधील, त्यांच्याच कारकिर्दीतील.

प्रदर्शनाच्या निमित्ताने घरगुती बागांच्या आणि परसबागांच्या स्पर्धा अजूनही होतात. तरीही काचघर फुलांनी जिंकले आहे, हे मान्य करावयास हवे. घरी चार टोमॅटो पिकविणारा गृहस्थ तेथे तिकीट काढून येणारा प्रेक्षक झाला. मग त्याने आपला वेगळा मेळा मांडला. डॉ. बी. एन. विश्वनाथ ह्यांच्या प्रेरणेने वाढलेल्या गच्चीवरील शेतीच्या चळवळीतून २०११ पासून 'ऊट फ्रॉम युअर तोट' हा मेळावा शहरातील निरनिराळ्या वसाहतींत भरत आला. ऊट म्हणजे जेवण, तोट म्हणजे बाग. तेथे भव्य प्रतिकृती नसतात. बियांच्या पुड्या, गांडूळखत, काथ्याचा भुसा आणि अनुभवी मंडळींचा सल्ला असतो. आमच्या दुधीचे कोडे अशाच एका वडीलधाऱ्या बाईंनी सोडविले. दुधीची नर आणि मादी फुले वेगळी असतात, ती संध्याकाळी उमलतात, आणि उंच गच्चीवर कीटक फिरकले नाहीत तर पराग आपण बोटाने पोहोचवावा लागतो. कचेरीतून परतणाऱ्या माणसास ही वेळ मोठी सोयीची!

पण गच्चीच्या शेतीस पाणी लागते, आणि पाणी येते कावेरीचे. सुमारे शंभर किलोमीटरांवरून, पाचशे मीटर वर चढवून. मार्च २०२४ मध्ये टंचाई अशी पडली की पिण्याचे पाणी बागेस घालण्यास मनाई झाली आणि दंड ठरला पाच हजार रुपये. आम्हांस त्या हुकुमाचा राग आला नाही. ज्या शहरात नळाखाली घागरी रांगेने लागतात, तेथे टोमॅटोचा हट्ट कोणत्या तोंडाने धरावा? तांदूळ धुतलेले, भाज्या धुतलेले पाणी बादलीत साठवू लागलो. कोथिंबीर गेली, पुदिना गेला, मिरच्यांनी तग धरला. दुधीचा वेल आम्ही स्वतः उपटला. त्यावर बोटभर फळ होते. मुलीने दोन दिवस अबोला धरला, तो मात्र कोणत्याही परिपत्रकाने मिटण्यासारखा नव्हता.

बदलीच्या नोकरीत झाडाचे गणित निराळे असते. पपई वर्षाच्या आत फळते, शेवग्याचा फाटा खोवला की जगतो. कलमी आंबा मात्र तीन-चार वर्षे घेतो, आणि आमचा एका गावी मुक्कामही सामान्यतः तेवढाच. मागल्या गावच्या सरकारी निवासस्थानात आमच्या आधीच्या बिऱ्हाडाने लावलेल्या झाडाची लिंबे आम्ही तीन वर्षे खाल्ली. ते कोण होते हे विचारावयाचे राहूनच गेले. तेथे आम्ही लावलेल्या आंब्यास पहिला मोहोर आला असेल तर तो ह्याच वर्षी.

यंदा जानेवारीत लालबागेतून परतताना मंडईतून एक जून झालेले चौचौ आणले. ह्या फळात बी एकच, आणि ते फळातच फुटते. सबंध फळच मातीत आडवे ठेवावयाचे. खिडकीशी ठेवल्यावर त्याच्या टोकाशी हिरवा कोंब आला आहे. मांडव घालावयाचा तो आमच्या गच्चीच्या आणि शेजारच्या अज्जींच्या मधल्या कठड्यावर, असे ठरले आहे. बदल्यांची यादी मे महिन्यात लागते. अज्जींना आम्ही तसे सांगून ठेवले आहे. त्यांनी दोरी आणून ठेवली आहे.