मॉरिशसचे ‘बॉम्बे’वाले

जानेवारी १९७५ मध्ये आपल्या नागपुरात पहिलं विश्व हिंदी संमेलन भरलं, तेव्हा मॉरिशसचे पंतप्रधान शिवसागर रामगुलाम आले होते. आज मॉरिशस म्हटलं की हनिमूनचं पॅकेज आणि निळं पाणी एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण तुम्ही तिथे फिरायला जा की संशोधनाला, एक गोष्ट आधी लक्षात घ्या: या बेटावर मूळचं असं कोणीच नाही.

१५९८ मध्ये डच उतरले, १७१० मध्ये सोडून गेले. मग फ्रेंच आले, १८१० पासून इंग्रज. नागपूर जिल्ह्याच्या पाचव्या हिश्श्याएवढं हे बेट उसासाठी राबवलं गेलं. आधी आफ्रिका आणि मादागास्करहून आणलेल्या गुलामांकडून. १८३५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. ती संपणार हे दिसताच मळेवाले हिंदुस्थानाकडे वळले होते. २ नोव्हेंबर १८३४ ला ‘अ‍ॅटलस’ जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला पोचले. पुढच्या काही दशकांत करारावर आलेल्यांचा आकडा साडेचार लाखांच्या घरात गेला. त्यांत मराठी माणसंही होती.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्या आराखड्यात मी ‘मुंबईचे मराठी मजूर’ असं बिनधास्त लिहिलं होतं. सरांनी समासात पेन्सिलीनं एवढंच विचारलं: ‘मुंबईचे कशावरून?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुंबई हे जहाजात चढायचं बंदर होतं, घर नव्हे! रत्नागिरी-सावंतवाडीकडचा माणूसही तिथे ‘बॉम्बे’वाला झाला, तसा बिहारचा भोजपुरी माणूस ‘कलकत्तिया’. उलट, मुंबईहून चढलेला प्रत्येक जण मराठी होता असंही नाही. बंदरावरून डोकी मोजाल तर दोन्हीकडून फसाल.

मग घर शोधायचं कुठे? मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये या मजुरांची दफ्तरं आहेत. गावाची नावं मात्र कारकुनाला ऐकू आली तशी उतरलेली. कधी कधी कागदापेक्षा अंगणातलं जास्त बोलतं. तिथल्या मराठी लोकांचा ‘झाकरी’ नाच बघा, कोकणातली जाखडी लगेच आठवेल.

भाषेच्या आकड्यांशीही जपून वागा. २००० च्या जनगणनेत पूर्वजांची भाषा आणि घरात बोलायची भाषा असे दोन वेगळे प्रश्न होते. पहिल्यात ‘मराठी’ लिहिणाऱ्या कित्येकांच्या घरी क्रिओल चालते. म्हणून त्यांना ‘नावापुरते मराठी’ म्हणू नका. गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी त्या देशात आहे, आणि शाळेत मराठी शिकायची सोयही.

आणि हो, तिथल्या मराठी घरी गेलात तर बसल्या बसल्या ‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ हा आपला ठरलेला प्रश्न टाकू नका. चहा होऊ द्या. तोच प्रश्न कदाचित ते तुम्हाला विचारायला थांबलेले असतील, हातात पणजोबांच्या कागदाची झेरॉक्स घेऊन.