अतिक्रमण, अल्पवयीनाचे
अपराध करण्याच्या अथवा ताबेदारास धाक दाखविण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या वा त्यास त्रास देण्याच्या हेतूने अठरा वर्षांखालील व्यक्तीने परक्याच्या ताब्यातील मिळकतीत केलेला प्रवेश किंवा तेथे बेकायदा धरलेला मुक्काम.

या अपराधाची व्याख्या भारतीय दंड संहितेच्या (१८६०) कलम ४४१ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये समाविष्ट आहे. मुंबई इलाख्यात बालकांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ मध्ये झाला. सांप्रत बाल न्याय अधिनियम, २०१५ लागू आहे (पहा : बाल न्याय).

हेतू हे या अपराधाचे आवश्यक अंग असल्याने, आवारात गेलेला चेंडू आणण्यासाठी कुंपण ओलांडणे एवढ्यानेच तो सिद्ध होत नाही. प्रौढास तीन महिन्यांपर्यंत, व गृह-अतिक्रमणाबद्दल एक वर्षापर्यंत, कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. बालकाच्या बाबतीत मात्र हा अपराध क्षुल्लक वर्गात मोडत असल्याने सामान्यतः प्रथम खबर न नोंदता ठाण्याच्या रोजनाम्यात नोंद होते, ताब्यात घेतल्यास चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे (पहा : बाल न्याय मंडळ) हजर करावे लागते, आणि कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. चौकशीअंती मंडळ समज, समुपदेशन, समाजसेवा, पालकांकडून दंड किंवा परिवीक्षा (पहा : परिवीक्षा) यांपैकी आदेश देते, मुदतवाढीनंतरही अपूर्ण राहिलेली चौकशी संपुष्टात येते.

दोषनिश्चितीमुळे उत्पन्न होणारी अपात्रता अशा बालकास लागू होत नाही आणि त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई असते, हे या तरतुदींचे वैधानिक महत्त्व होय.