धाराशिवचा खो-खो

शीत प्रदेशांतील माणसानें बर्फावर खेळ बसविला, उष्ण प्रदेशांतील माणसानें मातीवर. दोघांचें कारण एकच. जें दाराशीं फुकट मिळतें, त्यावरच खेळ वाढतो. कॅनडांतील लहान गांवांचे तलाव हिवाळ्यांत गोठतात, म्हणून तेथील मुलें बर्फावर हॉकी खेळूं लागलीं. ३ मार्च १८७५ रोजीं माँट्रिअल येथें छपराखालचा पहिला जाहीर सामना झाला, आणि पुढें गांवोगांवचे लहान संघ उभे राहिले. तेरणेच्या खोऱ्यांत, ढोकी-तेरच्या परिसरांत, पाणी गोठत नाहीं. परंतु सुगी सरली म्हणजे रानें मोकळीं होतात. अशा उघड्या जमिनीवर ज्याला मातीखेरीज दुसरें साहित्य लागत नाहीं, असा खेळ म्हणजे खो-खो.

पाठशिवणीच्या या सुधारलेल्या रूपाला नियमांची शिस्त लावण्याचें काम १९१४ सालीं पुण्याच्या डेक्कन जिमखान्यांत सुरू झालें. १९२४ सालीं बडोद्याच्या जिमखान्यानें नियम छापून प्रसिद्ध केले. १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिक मेळाव्याच्या वेळीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें केलीं, तेव्हां खो-खोही परदेशस्थ प्रेक्षकांनीं पाहिला. १९५९-६० सालीं विजयवाडा येथें पहिली अखिल भारतीय स्पर्धा भरली, आणि पुढच्याच वर्षीं कोल्हापुरास स्त्रियांची स्पर्धाही झाली.

या खेळाची रचना मोठी मार्मिक आहे. मैदान २७ मीटर लांब व १६ मीटर रुंद. दोन्ही टोकांना एकेक खांब. मधल्या पट्टीवर आठ गडी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंडें करून बसतात, आणि नववा पाठलाग करतो. बचाव करणारे तिघांच्या तुकडीनें उतरतात व वाटेल तिकडे वळतात. पाठलाग करणाऱ्याला मात्र मधली पट्टी ओलांडतां येत नाहीं, आणि एकदां घेतलेली दिशाही बदलतां येत नाहीं. त्याला एकच उपाय उरतो: बसलेल्या सोबत्याच्या पाठीला हात लावून ‘खो’ द्यावा व आपण त्याच्या जागीं बसावें. एकट्याचा वेग येथें अपुरा पडतो. शिकार एकाकडून दुसऱ्याकडे सोपवावी लागते.

लहान गांवच्या मुलींच्या संघाची खरी अडचण याच रचनेंत दडलेली आहे. मैदानाला पैसा लागत नाहीं, पण नऊजणींनीं रोज संध्याकाळीं एकत्र येणें लागतें. त्यांतील एकीला मजुरीस जावें लागलें, अथवा एकीचें लवकर लग्न ठरलें, कीं सारी साखळी तुटते. खेळ फुकट मिळाला, तरी संघ फुकट मिळत नाहीं.

धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. इंग्रजी अमलाखालील बार्शी ओलांडली कीं संस्थानची हद्द लागे. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला व १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें. पुण्या-मुंबईच्या जुन्या संघांच्या पंक्तीस हा जिल्हा उशिरां येऊन बसला. परंतु प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखालीं धाराशिवच्या मुलींनीं राज्यांत नांव मिळविलें. त्याच मुशींतून सारिका काळे तयार झाल्या.

काळे यांच्या घरची स्थिति हलाखीची होती. जवळजवळ दहा वर्षें घरांत दिवसांतून एकदांच जेवण मिळे, असें त्यांनींच पुढें सांगितलें. आर्थिक विवंचनेनें खचून २०१६ सालीं खेळ सोडण्याचाही विचार त्यांच्या मनांत आला होता. समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या. त्याच २०१६ च्या फेब्रुवारींत गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धांत खो-खोला प्रथमच पदकाचा मान मिळाला, आणि भारतीय स्त्रियांच्या संघानें काळे यांच्या नेतृत्वाखालीं सुवर्णपदक जिंकलें. २०२० सालीं त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्यास हा मान बावीस वर्षांनीं आला होता. त्या वेळीं त्या तुळजापूर तालुक्यांत क्रीडा अधिकारी म्हणून नोकरीस होत्या. उपाशी पोटीं धांवलेल्या खेळाडूला पदकाइतकाच हा नोकरीचा आधार महत्त्वाचा असतो.

जानेवारी २०२५ मध्यें दिल्लीस पहिली विश्वचषक स्पर्धा भरली. अंतिम सामन्यांत भारताच्या स्त्रियांनीं नेपाळला ७८-४० अशा गुणांनीं हरविलें. प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखालील त्या संघांत धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. एकीनें दिलेला खो दुसरीनें घेतला, असेंच म्हणावें लागेल.

कॅनडांतील गोठलेला तलाव असो कीं तेरणाकांठचें उघडें रान असो, निसर्ग खेळाडूला भूमि देतो. भाकरी समाजानें द्यावयाची असते. बसलेल्या गड्याच्या पाठीवर हात पडला तरच तो उठून धांवतो. धाराशिवच्या ज्या मुली अद्याप पट्टीवर बसून आहेत, त्यांच्या पाठीवर तो हात वेळेवर पडणें, यावरच पुढील इतिहास अवलंबून आहे.