मुंबईच्या घरात आर्किटेक्ट कसा आला

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत राहत्या घरात फेरबदल करायचा म्हणजे मिस्त्रीला बोलवायचे. मालक तोंडी सांगे, मिस्त्री सूत धरून माप घेई, नवी भिंत कुठून जाणार ते जमिनीवरच आखून दाखवी आणि काम सुरू होई. ओळंबा, गुण्या, थापी ही गवंड्याची हत्यारे. पटाशी, रंधा, करवत ही सुताराची. कागद या व्यवहारात क्वचितच येई. लाकडी सांगाड्यात वीट भरलेली भिंत कुठे सोडवता येते आणि कोणत्या खांबाला हात लावायचा नाही, हे ज्ञान या कारागिरांकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले होते. त्याची नोंद कुणी केली नाही, ही मोठी हानी म्हटली पाहिजे.

कागद आला तो कायद्यामुळे. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यातील ३४२व्या कलमाने इमारतीत वाढ किंवा बदल करण्यापूर्वी आयुक्तांना नोटीस देणे बंधनकारक केले. १८९६ साली प्लेगची साथ आली आणि दाटीवाटीच्या, उजेड-वारा नसलेल्या खोल्या हा साऱ्या शहराच्या चिंतेचा विषय झाला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला; त्याच्या योजनांतून पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती उभ्या राहिल्या. खिडकी किती मोठी, दोन घरांत अंतर किती, याला आता नियम होते आणि ते नकाशावर दाखवावे लागत.

नकाशा काढणारी माणसे त्याच सुमारास तयार होऊ लागली. १८५७ साली सुरू झालेल्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये १८९६ ला ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला. आर्किटेक्टांच्या कचेऱ्यांना मदतनीस पुरवणे एवढाच त्याचा हेतू होता. पुढे त्यातूनच वास्तुकलेचे पूर्ण शिक्षण उभे राहिले. १९१७ मध्ये इथल्याच विद्यार्थ्यांनी स्थापलेली संघटना १९२९ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स म्हणून ओळखली जाऊ लागली. गजानन म्हात्रे यांच्यासारखे वास्तुकार मरीन ड्राइव्ह परिसरात फ्लॅटच्या इमारती रचू लागले. १९३६ मध्ये पदविका मिळवलेल्या पेरीन मिस्त्री या देशातल्या पहिल्या स्त्री वास्तुकारांपैकी एक.

तरीही घराच्या आतली मांडणी बराच काळ या व्यवसायाबाहेरच राहिली. ती त्याच्या कक्षेत आणण्याचे मोठे श्रेय १९३७ च्या नोव्हेंबरात टाउन हॉलमध्ये भरलेल्या ‘आयडियल होम’ प्रदर्शनाला द्यावे लागेल. इन्स्टिट्यूटने भरवलेल्या या प्रदर्शनाला हजारो मुंबईकरांनी गर्दी केली. सजवलेल्या खोल्या, नवे स्वयंपाकघर, न्हाणीघर लोकांना प्रत्यक्ष पाहायला मिळाले. स्वयंपाकघराची आणि मोरीची रचना हाही विचारपूर्वक आखायचा विषय आहे, हे सामान्य कुटुंबाला त्यातून दिसले.

फेरबदलाचे तंत्र बदलले ते आरसीसीमुळे. आरसीसीच्या सांगाड्यात भार कॉलम-बीम पेलतात. मधली साडेचार इंची भिंत बहुधा केवळ आडोसा असते. त्यामुळे दोन खोल्यांची एक करणे सोपे झाले, पण धोका नजरेआड गेला. प्लास्टरखाली भिंत संपून कॉलम कुठे सुरू होतो, ते वरून दिसत नाही. मोरीचेही तसेच. तिच्याखालचा स्लॅब बहुधा मुद्दाम खोल ठेवून त्यावर वॉटरप्रूफिंग केलेले असते. ती दुसरीकडे सरकवली आणि उतार चुकला की खालच्या मजल्याच्या छताला ओल येते. एका घरातला बदल शेजाऱ्याच्या घरात झिरपतो, हे चाळीपेक्षा फ्लॅटमध्ये अधिक खरे ठरले.

१९६० चा सहकारी संस्था कायदा आणि १९६३ चा ओनरशिप फ्लॅट कायदा यांनंतर मध्यमवर्ग मालकीच्या, पण एकसारख्या आराखड्याच्या घरांत राहू लागला. घर आपल्या सोयीचे करून घेण्याची गरज इथे वाढली. प्लायवूड आणि सनमायका आल्यावर सुतार घरातच ठिय्या देऊन कपाटे, शोकेस, उभ्या ओट्याखालची कप्पेबंद मांडणी बनवू लागले आणि इंटिरिअर डिझायनर हा वेगळा व्यवसाय रुळला. डिझायनर तपशीलवार ड्रॉइंग देई. साइटवर मात्र सुतार ते वाचून, स्वतःच्या अनुभवाने दुरुस्त करूनच काम करी. चांगली घरे या दोघांच्या जुळलेल्या समजुतीतून झाली.

१९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी नोंदणीकृत व्यक्तींसाठी राखून ठेवली. मात्र घर आखण्याचे काम इतरांना बंद झाले नाही. इंटिरिअर डिझायनरला अशी वैधानिक नोंदणी लागू झाली नाही. त्यामुळे फ्लॅटमधल्या फेरबदलाची जबाबदारी मालक, डिझायनर, ठेकेदार आणि सोसायटी यांच्यात विभागली गेली. सोसायट्या काम सुरू होण्यापूर्वी परवानगी मागू लागल्या. तीस वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी करून घेणे महापालिका कायद्याच्या ३५३-ब कलमाने आवश्यक ठरवले आणि भिंत पाडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनीअरचे मत घेण्याची पद्धत पडली.