अद्भुत कथा : पात्रें कीं कथानक ?

अद्भुत कथेकडे वाचकाला ओढून नेतें तें काय ? तींतील पात्रें, कीं पुढें काय होणार ही उत्सुकता ? माझे विद्यार्थी हल्लीं मोबाईलच्या पडद्यावर सचित्र अद्भुत मालिका वाचतात व याच प्रश्नावरून हमरीतुमरीवर येतात. परवां त्यांनीं मजकडे निवाडा मागितला. तो देण्यापूर्वीं आपल्याच वाङ्मयाचा इतिहास चाळून पाहणें मला इष्ट वाटलें.

१८६१ हें साल या दृष्टीनें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' त्या सालीं प्रसिद्ध झाली. त्याच सालापासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या 'अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' निघूं लागल्या. संकटें, वियोग व योगायोग यांची दोहोंतहि रेलचेल आहे. असें असून 'मुक्तामाले'तील माणसें आज परीक्षार्थींखेरीज फारशीं कोणास ठाऊक नाहींत, आणि वजिराची कन्या शहरजाद मात्र घरोघर परिचित आहे. याचें कारण उघड आहे. पहिल्या ग्रंथांतील सज्जन आरंभापासून सज्जन व दुर्जन आरंभापासून दुर्जन. जें घडतें तें त्यांच्यावर येऊन आदळतें. शहरजादेस मात्र रोज रात्रीं आपला जीव राखावयाचा असतो, आणि गोष्ट नेमकी कोठें तोडावयाची हें तिची बुद्धि ठरविते. तेथें कथानक हेंच पात्राचें कर्तृत्व होय.

हा विषय आमच्या धुळ्यास परका नाहीं. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १९०२ सालीं 'कादंबरी' हा निबंध लिहून अद्भुत व वास्तव यांचा विचार केला. १९२६ सालीं त्यांनीं देह ठेवला तो याच गांवीं. मीं स्वतः मात्र पुष्कळ वर्षें, अद्भुत म्हणजे कोंवळ्या वयाची करमणूक, असें वर्गांत सांगत आलों. तें चुकलें, हें आतां कबूल करावयास हवें.

माझें बालपण पांझरेपलीकडील देवपुरांत गेलें. मद्रासेच्या 'चंदामामा'ची मराठी आवृत्ति 'चांदोबा' १९५२ सालापासून निघूं लागली होती. पुढें ती बंद पडली. आमच्या घरीं ती येई तेव्हां आम्हां भावंडांत झोंबाझोंबी होई. आजीला वाचतां येत नसे. गेल्या महिन्याची गोष्ट ती विसरलेली असे. पण अंक आला कीं, राजाची सुटका झाली का, एवढें अहिराणींत हटकून विचारी. राजा म्हणजे शंकर या चित्रकाराचा तो विक्रम : हातांत तलवार, खांद्यावर प्रेत.

सोमदेवानें अकराव्या शतकांत 'कथासरित्सागरां'त घेतलेल्या वेताळाच्या गोष्टी पंचवीस. 'चांदोबा'नें त्या संपल्यावरहि नव्या गोष्टी रचून ही जोडी कित्येक दशकें चालविली. कथानकें संपलीं, माणसें संपलीं नाहींत !

मग कथानक व्यर्थ म्हणावें काय ? मुळींच नाहीं. वेताळ गोष्ट सांगून कोडें घालतो. उत्तर जाणून मौन धरावें तर मस्तकाचीं शकलें होणार, बोलावें तर केलेले श्रम वायां जाणार. राजा बोलतो, वेताळ झाडावर जातो, आणि राजा पुन्हां त्या झाडाकडे वळतो. त्याचा न्याय व त्याची चिकाटी आपणांस कळते ती या कोड्यामुळें. एरवीं तो चित्रांतला एक मिशाळ पुरुषच राहता.

आजी ऐन तारुण्यांत विधवा झाली होती. दोन मुलांचा संसार तिनें दुसऱ्यांच्या शेतांत राबून ओढला. रोज पहांटे तेंच ओझें उचलणाऱ्या त्या बाईला राजाची चौकशी कां करावीशी वाटे, हें मला पन्नाशी उलटल्यावर कळलें.

तेव्हां माझा निवाडा असा : पुढचें पान उलटविण्यास कथानक पुरतें, वर्षानुवर्षें मनांत राहतें तें पात्र, परंतु कथानकानें ज्याची परीक्षा घेतली असेल तेंच. विद्यार्थ्यांस मीं इतकेंच सांगितलें कीं, तुमची मालिका संपल्यावर पांच वर्षांनीं कोणाची विचारपूस करावीशी वाटते तें पाहा.